भयपटांचे महोत्सव आणि त्यांचा गोतावळा

ब्रुसेल्सच्या फॅन्टॅस्टिक चित्रपट महोत्सवात पडद्यावरच्या एखाद्या पात्रानं घरात शिरताना दार उघडं टाकलं, की प्रेक्षागृहातून एकच ओरडा होतो: ‘दार!’ आभाळात पूर्ण चंद्र दिसला की रांगारांगांतून कोल्हेकुई सुरू होते. दिग्दर्शक चित्रपटाविषयी चार शब्द बोलायला मंचावर आला, तर लोक त्याला आधी गाणं म्हणायला लावतात. भलीभली मंडळी तिथं गायली आहेत. १९८३ पासून हा महोत्सव असाच चालत आला आहे. रक्तपिपासू पिशाच्चांच्या वेशात येऊन नाचायची एक रात्र आणि अंगावर भयचित्रं रंगवण्याची स्पर्धा हे त्याचे ठरलेले कार्यक्रम. तिकडे मॉन्ट्रियलमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ‘फॅन्टेशिया’त दिवे मालवले की शेकडो प्रेक्षक मांजरासारखे म्यावम्याव करू लागतात. नवखा माणूस पहिल्या खेळाला चक्रावतो आणि दुसऱ्या खेळाला स्वतःच म्याव करतो.

कान किंवा व्हेनिसच्या बातम्या आपण वाचतो त्या कोण जिंकलं आणि कोण लाल गालिच्यावरून चाललं याच्या. भयपटांच्या महोत्सवांकडे तसं पाहिलं तर हाती फार काही लागत नाही. इथं निम्मा महोत्सव प्रेक्षकच असतो. भयपट घरी एकट्यानं पाहता येतो आणि चांगला लागतोही. पण थिएटरात एक किंकाळी उठली की ती शेजारच्याला लागते आणि तिच्या पाठोपाठ सुटकेचं हसू येतं. मागच्या रांगेत बसलेल्या दिग्दर्शकाला आपला प्रसंग जमला की फसला हे त्याच क्षणी कळतं. समीक्षकाच्या चार रकान्यांतून ते कळत नाही. पुरस्कार, खरेदी-विक्री, पाहुणे हे सगळं नंतर येतं. हलका समजला जाणारा एक प्रकार मन लावून, जाणतेपणानं पाहणारा प्रेक्षक घडवणं हे या महोत्सवांचं मुख्य काम आहे, असं मला वाटतं. जिथं ते झालं तिथं महोत्सव टिकले.

सुरुवात मात्र कलेच्या ध्यासातून कमी आणि पर्यटनाच्या गरजेतून जास्त झाली. इटलीतल्या त्रिएस्तमध्ये १९६३ साली विज्ञानकथापटांचा महोत्सव सुरू झाला. त्यानंतर १९६८ मध्ये बार्सिलोनाजवळच्या सिचेस या समुद्रकाठच्या गावात अद्भुत आणि भयपटांचा सप्ताह भरला. आज जगातला या प्रकारातला सर्वांत मानाचा महोत्सव तोच. तो ऑक्टोबरात भरतो. तेव्हा उन्हाळी पाहुणे परतलेले असतात, हॉटेलांत खोल्या मोकळ्या असतात आणि गावाला आणखी पंधरवडाभर वर्दळ हवी असते. फ्रान्समधल्या आव्होरियाझचा जन्म तर सरळ सरळ बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या वसाहतीच्या जाहिरातीतून झाला. पण त्या जाहिरातवाल्यांची नजर पाहा: १९७३ च्या पहिल्याच वर्षी त्यांनी सर्वोच्च पुरस्कार दिला तो स्टीव्हन स्पीलबर्ग नावाच्या तरुणाच्या ‘ड्यूएल’ला, आणि पुढं १९७७ मध्ये ब्रायन डी पाल्माच्या ‘कॅरी’ला. १९९३ नंतर तो महोत्सव बंद पडला आणि १९९४ पासून त्याची परंपरा जेरार्मे या तळ्याकाठच्या गावात सुरू राहिली. पोर्तुगालच्या पोर्तोमध्ये १९८१ पासून ‘फॅन्तासपोर्तो’ आहे. पोर्तोसारखी शहरं सोडली तर ही गावं लहान आहेत, याचा फायदा होतो. मोठ्या शहरात महोत्सव कुठल्या तरी कोपऱ्यात चालू असतो; सिचेसला बेकरीच्या काचेतही राक्षस बसलेला असतो आणि एका संध्याकाळी झोंबींचा मोर्चा गावभर लंगडत फिरतो.

सिचेसचा जन्म फ्रँकोच्या हुकूमशाहीत झाला, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी स्पेनमध्ये पॉल नास्ची यानं लिहिलेला आणि त्यातली मुख्य भूमिकाही त्यानंच केलेला एक लांडगामाणसाचा चित्रपट आला. सेन्सॉरनं सांगितलं, लांडगामाणूस स्पॅनिश असता कामा नये. मग नायक पोलंडचा झाला, त्याचं नाव वाल्देमार दानिन्स्की ठेवलं आणि पुढच्या डझनभर चित्रपटांत तो पोलिशच राहिला. राज्यकर्त्यांना भूत चालत होतं, आपल्या मातीतलं भूत चालत नव्हतं. अशा काळात सिचेसच्या थिएटरात परदेशी राक्षसांच्या आडून बरंच काही दाखवता येत असे. सरकारला त्यात राजकारण दिसत नव्हतं आणि प्रेक्षकाला ते दिसायला वेळ लागत नव्हता.

योगायोग असा की मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळा’ची स्थापनाही १९६८ चीच. आपल्याकडच्या फिल्म सोसायटी चळवळीनं मराठी माणसाला बर्गमन, कुरोसावा, राय दाखवले, आणि ते ऋण मोठं आहे. पण त्या चळवळीच्या रसिकतेत भयपटाला जागा नव्हती. खुद्द सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये ‘तीन कन्या’त ‘मणिहारा’ ही अस्सल भूतकथा चित्रित केली, तरी राय पाहणाऱ्यांनी ती बाजूलाच ठेवली. पुढच्या दशकात भयपट काढणारे रामसे बंधू दुसऱ्याच वाटेनं चालले होते. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी ते सगळं कुटुंब आणि मोजकी यंत्रसामग्री घेऊन महाबळेश्वरला गेले. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नं तालुक्याच्या थिएटरांत गल्ला भरला. म्हणजे भयपट पाहणारे लाखो लोक होते आणि चित्रपटावर गंभीरपणे बोलणारे काही हजार. दोघांची गाठ पडेल अशी जागा कुणी काढली नाही. सिचेस, आव्होरियाझ आणि ब्रुसेल्स या तशा जागा होत्या.

ब्रिटनमध्ये ही गाठ बंदीमुळं पडली. ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हिडिओ आले आणि वर्तमानपत्रांनी भयपटांच्या कॅसेटींविरुद्ध रान उठवलं. खटल्याला पात्र म्हणून सरकारी वकिलांच्या यादीत वेळोवेळी ७२ चित्रपट चढले, त्यांत सॅम रेमीचा ‘द इव्हिल डेड’ही होता. १९८४ मध्ये व्हिडिओसाठी स्वतंत्र कायदा झाला. एक अख्खी पिढी चौथ्या हातची, अंधुक झालेली कॅसेट मित्राकडून आणून पाहत वाढली. लंडनचा ‘फ्राइटफेस्ट’ २००० साली सुरू झाला, तेव्हा थिएटरात जमलेले लोक याच पिढीचे होते. तोवर एकेकट्यानं, लपून पाहिलेलं ते आता पाचशे जणांच्या मध्ये बसून पाहत होते. ऑगस्टच्या शेवटच्या जोडसुट्टीत भरणाऱ्या या महोत्सवाला येणारे वर्षानुवर्षं त्याच खुर्च्या मागतात. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची भेट वर्षातून एकदा होते आणि तरी तो घरचा असतो.

आणि बंदी संपलेली नाही. २०१० मध्ये ‘अ सर्बियन फिल्म’ या अत्यंत क्रूर चित्रपटाला ब्रिटिश सेन्सॉरनं जवळपास चार मिनिटांची कात्री सुचवली. कापलेली प्रत दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी, असं ठरवून ‘फ्राइटफेस्ट’नं तो मागं घेतला. सिचेसनं त्याच वर्षी तो दाखवला, तर महोत्सवाचे संचालक आंखेल साला यांच्यावर फौजदारी प्रकरण उभं राहिलं. ते पुढं मिटलं, पण मधला काळ चित्रपट निवडणाऱ्याला कायद्याच्या दारात उभं राहावं लागलं. तो चित्रपट चांगला आहे असं मी म्हणणार नाही. त्यातल्या क्रौर्याला त्यात सांगितलेल्या राजकीय रूपकाचा आधार पुरत नाही. तरीही, जाणत्या प्रौढ प्रेक्षकांसमोर, काय दाखवतो आहोत हे आधी सांगून दाखवलेल्या चित्रपटाबद्दल तो निवडणाऱ्याला आरोपी करणं चूकच. आपल्याकडे महोत्सवांतल्या चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून. इथं भयपटांचा महोत्सव करू पाहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून हा कागद सांभाळावा लागेल.

धंद्याच्या अंगानं पाहिलं तर या महोत्सवांनी काही थक्क करणाऱ्या गोष्टी घडवल्या आहेत. ओरेन पेली यानं स्वतःच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ केला. तो प्रथम दिसला २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘स्क्रीमफेस्ट’मध्ये. दोन वर्षांनी जगभर लागला आणि त्यानं १९ कोटी डॉलरहून जास्त कमावले. त्याच्या जाहिरातीत चित्रपटातल्या प्रसंगांपेक्षा जास्त दिसत होते ते अंधारात दचकणारे, एकमेकांचे हात धरणारे प्रेक्षक. महोत्सवातल्या समूहाची ताकद विक्रेत्यांनी अशी अचूक हेरली.

पण माझं मन जास्त रमतं ते जपानी ‘वन कट ऑफ द डेड’मध्ये. शिनिचिरो उएदा हा दिग्दर्शक, एका अभिनय-चित्रपट कार्यशाळेतले अनोळखी नट आणि तीस लाख येन म्हणजे एखाद्या बऱ्या मोटारीइतके पैसे. चित्रपटाची पहिली ३७ मिनिटं एकच अखंड शॉट आहे. पडक्या जलशुद्धीकरण केंद्रात झोंबीपटाचं चित्रीकरण चालू असताना खरेच झोंबी येतात. अभिनय ओढूनताणून वाटतो, कुणीतरी उगाच थांबतं, कॅमेरा मध्येच जमिनीवर पडून राहतो. एकट्यानं पाहणारा इथं बंद करून झोपायला जाईल. थिएटरातला माणूस शेजारच्यांमुळं बसून राहतो, आणि उरलेल्या तासाभरात त्या प्रत्येक चुकीमागं काय घडत होतं ते उलगडत जातं. कुणाचं पोट बिघडलेलं होतं, कुणी दारू पिऊन पडलं होतं, कुणी कुणाच्या खांद्यावर उभं होतं! २०१७ च्या अखेरीस टोकियोच्या एका छोट्या थिएटरात तो सहा दिवस चालला. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतल्या उदिनेच्या आशियाई चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी उभं राहून त्याला डोक्यावर घेतलं, लोकपसंतीत तो दुसरा आला, पुढं भयपट महोत्सवांतही फिरला, आणि जपानात पुन्हा लागल्यावर त्यानं तीन अब्ज येनांच्या वर मजल मारली. पहिली ३७ मिनिटं धीर धरणारा प्रेक्षक मिळाला नसता, तर हा चित्रपट सहा दिवसांतच संपला असता.

या वाटेवर आता बरीच यंत्रणाही उभी राहिली आहे. युरोपातले महोत्सव १९८७ पासून एका महासंघात आहेत. जादूगार आणि आद्य चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांच्या नावानं त्याचे पुरस्कार दिले जातात. दक्षिण कोरियाच्या बुचॉन शहरात १९९७ पासून महोत्सव आहे आणि २००८ पासून त्याला जोडून आशियाई चित्रपटकारांसाठी प्रकल्पांचा बाजारही भरतो. कागदावरच्या पटकथेला निर्माता मिळावा, ही त्यामागची कल्पना. मेक्सिकोचा ‘मोर्बिदो’ २००८ मध्ये एका जुन्या खाणगावात सुरू झाला. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘शडर’ ही निव्वळ भयपटांची स्ट्रीमिंग सेवा आली आणि तिचे खरेदीदार महोत्सवांत हजर राहू लागले. यात भलं आहे तसा धोकाही. चित्रपट विकला गेला की तो महोत्सवात एकदा दिसतो आणि मग घरच्या पडद्यावर निमूट जाऊन पडतो. थिएटरातला समूह त्याच्या वाट्याला पुन्हा येत नाही.

त्याहून वाईट आहे तो खोट्या महोत्सवांचा बाजार. प्रवेश शुल्क घ्यायचं, प्रत्यक्ष खेळ एकही करायचा नाही आणि दर महिन्याला ‘सर्वोत्कृष्ट भयलघुपट’ म्हणून पानांच्या दोन डहाळ्यांचं चिन्ह पाठवून द्यायचं, एवढाच त्यांचा उद्योग. आपल्याकडची कॉलेजातली मुलं अशा चिन्हांनी पोस्टर भरतात. त्यांना कुणीतरी साधा प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे: खेळ कुठं झाला, आणि खुर्च्यांवर कोण होतं?

आता त्या खुर्च्यांवरच्या लोकांविषयी. बाहेरच्याला वाटतं, रक्त पाहायला जमणारी ही माणसं विकृत असतील. प्रत्यक्षात शाळेत एकटी पडलेली, चारचौघांत न बसणारी, कधी आजारातून तर कधी शोकातून गेलेली कितीतरी माणसं या प्रकाराकडे वळलेली दिसतात. भीती रचलेली आहे, तिला शेवट आहे आणि ती सोबतीनं सोसायची आहे, याचा त्यांना आधार वाटतो. या गोतावळ्याचा मोठेपणा मी यात पाहते. पण प्रेमानं जमलेला गट आपल्याच माणसांना पाठीशीही घालतो. २०१७ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या ‘फॅन्टॅस्टिक फेस्ट’भोवतीच्या वर्तुळातल्या वजनदार पुरुषांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप पुढं आले. त्यांतल्या एकाला झाल्या प्रकारानंतरही गुपचूप कामावर घेतल्याचं उघड झालं, आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या निवडप्रमुखानं राजीनामा दिला आणि एका बड्या वितरकानं आपला चित्रपट काढून घेतला. बायकांनी विचारलं ते रास्तच होतं: पडद्यावरच्या राक्षसाला ओळखण्यात आपण तरबेज, मग शेजारच्या खुर्चीवरचा कसा दिसला नाही?

स्त्रियांनी वेगळी व्यासपीठं उभारली ती या घटनेच्या आधीपासून आणि नंतरही. बर्लिनचा ‘फायनल गर्ल्स’ महोत्सव स्त्रियांनी केलेल्या भयपटांना वाहिलेला आहे. शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्या नायिकेविषयी कॅरोल क्लोव्हर या अभ्यासिकेनं १९९२ च्या पुस्तकात जे मांडलं, त्यावरून हे नाव घेतलं आहे. फ्रान्सची ज्युलिया द्युकुर्नो हिचा ‘रॉ’ २०१६ मध्ये टोरोंटोच्या मध्यरात्रीच्या विभागात दाखवला, तेव्हा काही प्रेक्षक भोवळ येऊन पडले आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली. बातम्या झाल्या त्या भोवळीच्या. चित्रपट होता तो वयात येणाऱ्या मुलीच्या भुकेचा, बहिणी-बहिणींचा. पाच वर्षांनी तिच्याच ‘तितान’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि भयपटांच्या महोत्सवांना जे आधीच माहीत होतं ते इतरांना मान्य करावं लागलं.

२०२० मध्ये टाळेबंदीत अमेरिकेतल्या पाच छोट्या महोत्सवांनी एकत्र येऊन ‘नाइटस्ट्रीम’ नावाचा ऑनलाइन महोत्सव केला. घरातून बाहेर पडू न शकणाऱ्यांना, अपंग प्रेक्षकांना पहिल्यांदाच सगळं पाहता आलं. ही सोय पुढं सगळीकडे टिकली नाही, याचं मला वाईट वाटतं.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी धागा आहे तो मुख्यतः ‘तुंबाड’मुळं. लेखक अनिल बर्वे यांचा मुलगा राही बर्वे हा दिग्दर्शक, नारायण धारपांच्या कथेचं बीज, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं नाव, न थांबणारा पाऊस आणि पेशवाईनंतरच्या ब्राह्मणी वाड्यातला लोभ. चित्रपट हिंदी असला तरी हाडाचा मराठी. २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्यानं झाली, आणि तिथून तो ऑस्टिन, सिचेस असा भयपट महोत्सवांत फिरला. इथं ऑक्टोबरात लागला तेव्हा थिएटरं बेताचीच भरली. नंतर सहा वर्षं लोक तो घरी पाहत राहिले, एकमेकांना सांगत राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावल्यावर त्यानं पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. परदेशी महोत्सवांत एका रात्रीत जमलेला प्रेक्षक इथं जमायला सहा वर्षं लागली.

आणि तो नव्हताच असं नाही. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाचे वाचक होते, धारपांची पुस्तकं वाचनालयातून फाटेपर्यंत फिरली, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दिवाळी अंकांत आधी उघडल्या जात. विशाल फुरियाचा उसाच्या फडात घडणारा ‘लपाछपी’ स्त्रीभ्रूणहत्येवर बोलतो; त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ २०२१ मध्ये आला तेव्हा अनेकांना मूळ चित्रपट मराठी असल्याचं प्रथमच कळलं. आदित्य सरपोतदारनं २०२२ मध्ये ‘झोंबिवली’त झोंबी डोंबिवलीत आणले आणि २०२४ मध्ये ‘मुंज्या’ देशभर नेला. मुंबई चित्रपट महोत्सवात ‘आफ्टर डार्क’ विभाग झाला, सपना भवनानी यांनी स्त्रियांच्या भय आणि अद्भुतपटांसाठी ‘वेंच’ महोत्सव सुरू केला. मराठी भयपटाचा स्वतःचा मुक्काम मात्र अजून कुठं नाही.

तो कोकणात व्हावा, असं मला मनापासून वाटतं. सावंतवाडीजवळच्या आकेरीत ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा पाहायला बसगाड्या भरून लोक जात होते. रात्रभर दशावतार पाहत बसण्याची सवय तिथल्या माणसाला पिढ्यांची आहे, आणि चुकलेल्या पात्राला जागच्या जागी सुनावण्याचीही. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या खोल्या रिकाम्या असतात. रत्नागिरी आणि मालवणला नाट्यगृहं आहेत. दोन रात्री, एक चांगला प्रोजेक्टर, डझनभर लघुपट, रामशांचा एखादा जुना चित्रपट, ‘लपाछपी’ आणि दिग्दर्शकाला समोर बसवून विचारलेले प्रश्न, एवढ्यानं सुरुवात होईल. बक्षिसांची रक्कम पहिल्या वर्षी नसली तरी चालेल. तो पैसा शेकडो लघुपट शेवटपर्यंत पाहून त्यांतले बारा निवडणाऱ्या दोघा-तिघांना मानधन म्हणून द्यावा आणि नाकारलेल्या प्रत्येक मुलाला का नाकारलं ते चार ओळींत कळवावं.